इंग्रजीत 'गं' नसतो, आबा

आबा, भांडण अर्धवट टाकून निघून जाण्याला आमच्याकडे पळ काढणं म्हणतात. मंगळवारी वर्ग सुटल्यावर जिना उतरता उतरता तुम्ही मागं वळलात आणि म्हणालात, "बाई, ह्याच्यावर शुक्रवारी बोलू. तुमी हरनार हाय." शुक्रवारी सकाळी कुरवंड्याहून फोन आला तो तुम्ही गेल्याचा. तुम्हाला निरुत्तर करायचं म्हणून मी आदल्या दिवशीच फळ्यावर इंग्रजी वाक्यं लिहून ठेवली होती. ती पुसायला वर्गातली रेश्मा उठली तर मी तिच्यावर खेकसले. नंतर मीच पुसली, कारण दुपारच्या बॅचला फळा लागतो.

रडलेही. जिन्याचं दार लावून घेऊन, खालच्या चिक्कीच्या दुकानातल्या माणसांना ऐकू जाणार नाही इतपत. पण खोटं कशाला सांगू, तुमची आठवण आली की रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं. गावातली माणसं तुमच्याबद्दल खूप काही बोलली. तुमचा भात, तुमचं भजन, तुम्ही कुणाच्या अडीअडचणीला कसे धावलात. ते सगळं खरंच असणार. मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. मला फक्त तुमचा आवाज ठाऊक आहे, आणि तो मात्र मी अगदी आतून-बाहेरून ऐकलाय.

पहिल्या दिवशी तुम्ही धापा टाकत जिना चढून आलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "बाई, मला रागावल्याबिगर बोलाया शिकवा."

मला वाटलं, म्हातारबाबांचा पत्ता चुकला. मी म्हटलं, "आबा, योगाचा वर्ग पलीकडच्या गल्लीत आहे. इथं इंग्रजी शिकवतात."

"इंग्रजीतच," तुम्ही म्हणालात. "मराटीत रागावलो तर चालतंय. मराटीत समद्यांना कळतंय."

मग तुम्ही सांगितलंत. तुमचा मुलगा दत्ता ऑस्ट्रेलियात, सून केरळची, त्यामुळं घरात दोघांना जोडणारी भाषा इंग्रजी आणि सात वर्षांच्या नेहाला तेवढीच येते. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. तुम्ही आणि मावशी, दोघं नवराबायको, मोबाइल भिंतीला टेकवून समोर बसायचात आणि नातीकडं नुसते बघायचात. मग मधे दोन रविवार फोन आलाच नाही. तुमच्या जिवाची घालमेल झाली. तिसऱ्या रविवारी पडद्यावर नेहा दिसली आणि तुमच्या तोंडून जे निघणार होतं ते तुम्ही आवरलंत, कारण ते मराठीत होतं. नागफणीचा कडा बघायला आलेल्या कुणा पर्यटकांकडून तुम्ही मेहनतीनं दोन-चार इंग्रजी शब्द जमवले होते. ते जोडून तुम्ही पोरीला विचारलंत, "व्हेअर यू डाय?"

'कुटं मेली व्हतीस गं' याचं शब्दाला शब्द लावून केलेलं भाषांतर. आपल्याकडं यात मरण कुणालाच ऐकू येत नाही. माझी आई मला हे रोज म्हणते आणि मागोमाग ताट वाढते. पण त्या लेकराला मरणच ऐकू आलं. ती रडत आईकडं पळाली आणि पुढचे कितीतरी रविवार पडद्यासमोर आलीच नाही. दत्ता तुम्हाला म्हणाला, "आबा, ती घाबरते तुम्हाला." हे सांगताना तुम्ही टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवत होतात. तुमच्याकडं बघवत नव्हतं.

मी तुम्हाला बरोबर वाक्य दिलं. व्हेअर वर यू. तुम्ही ते घोकून घरी नेलंत आणि रविवारी अगदी बिनचूक म्हटलंत. नेहा पुन्हा पळाली. मंगळवारी येऊन तुम्ही माझ्यावरच उखडलात. "शबुद बरूबर व्हता की बाई! पैसं न्हाई परत मागत, पर शबुद बरूबर व्हता!" शब्द बरोबरच होता. खोट चालीत होती. तुमच्या गावात माणूस बोलतो ते या खाचरातून त्या खाचरात, मधे वारा, म्हणून आवाज चढवूनच बोलतो. आणि तुम्ही मोबाइललाही पलीकडच्या डोंगरावरचा माणूस समजत होतात.

म्हणून मी तुम्हाला हॉटेलवाल्यांच्या बॅचमध्ये बसवलं. कुसगावच्या हॉटेलांत स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुली, कामशेतहून येणारा एक टॅक्सीवाला, आणि तुम्ही. त्या बॅचला मी आवाजाचे चढउतार शिकवते. एकच वाक्य घ्यायचं आणि रागानं, काळजीनं, आनंदानं, चेष्टेनं असं वेगवेगळं म्हणायचं. इंग्रजीत वाक्याचा शेवट खाली पडला की वेगळा अर्थ, वर उचलला की वेगळा. रेश्माचं तेव्हा एक दुखणं होतं. खोलीतलं गरम पाणी बंद पडलं की ती पाहुण्याला 'सॉरी सर' म्हणायची, पण इतक्या उत्साहानं की पाहुणा आणखी तापायचा. तिनं वर्गात म्हणून दाखवलं आणि तुम्ही मागून म्हणालात, "ह्या पोरीचं सॉरी म्हंजे लग्नाचं आवतान वाटतंय." वर्गात एकच हशा पिकला. रेश्मा लाजली, पण तिचं सॉरी त्या दिवसापासून सुधारलं.

मग तुमची पाळी आली. तुम्ही उभे राहिलात, घसा साफ केलात, आणि व्हेअर वर यू हे चार भावनांनी चार वेळा म्हटलंत. चारही वेळा खिडकीतली कबुतरं उडाली. मी मोबाइलवर टिपलेलं ते ऐकवलं.

"हा कोन बोलतोय?" तुम्ही विचारलंत.

"तुम्हीच."

"मी आसा बोलतो?" तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. पुन्हा ऐकलंत. आणि मग, माझ्याकडं न बघता, "म्हंजे दत्ता ल्हानपनापास्नं हेच ऐकतोय म्हना की."

टॅक्सीवाला हसला, तुम्हीही हसलात. मी हसले नाही. मला तेव्हाच वाटलं, की हा माणूस फक्त नातीसाठी आलेला नाही.

तुम्ही शिकलात मात्र जिद्दीनं. मावशी तक्रार करायच्या की तुम्ही म्हशीला इंग्रजीत 'कुठं होतीस' विचारता, तेही प्रेमानं, आणि म्हैस दूध काढू देत नाही. आनंदाचा सूर तुम्हाला सगळ्यांत आधी जमला. त्याची तुमची युक्ती होती, आधी तोंड उघडून हसायचं आणि मग त्या हसऱ्या तोंडातनं वाक्य बाहेर सोडायचं. चेष्टेचा सूर तर तुम्हाला शिकवावाच लागला नाही. अडलं ते काळजीपाशी. तुमची काळजी आणि तुमचा राग यांचा आवाज एकच होता. मी किती वेळा ऐकलं, मोबाइलवर पुढं-मागं करून ऐकलं, मला फरक सापडला नाही.

आणि तो 'गं'! काय डोकं खाल्लंत तुम्ही त्या 'गं'नं. व्हेअर वर यू गं. हॅव यू ईटन गं. डोन्ट गो इन द सन गं. मी कंटाळून म्हणायचे, "आबा, इंग्रजीत 'गं' नसतो."

"मंग ती लोकं पोरीबाळींशी बोलत्यात कशी?"

"आवाजानं. आपण 'गं' तोंडानं म्हणतो, ते लोक तो आवाजात घालतात."

हे माझ्या तोंडून त्या क्षणी निघून गेलं. इतकी वर्षं मी जे शिकवत होते ते मला स्वतःला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. आता प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी हेच सांगते, आपला गं आणि रे आवाजात घाला. मुलींना लगेच कळतं. तुमच्याशी भांडून मिळालेलं आहे ते, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

तुम्हाला मात्र ते पटलं नाही. "आवाजात घालाया मी काय गवई हाय का? एक अक्षर जोडलं की काम व्हतंय, तर येवढा खटाटोप कशापायी?" मग मी दुसरा मार्ग सुचवला. नेहाला सरळ सांगा, आय वॉज वरीड अबाउट यू, मला तुझी काळजी वाटत होती. तिकडं माणसं असं तोंडानं सांगतात. त्यावर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी तुम्हाला भर बाजारात सदरा काढायला सांगितला. "आन ते सांगायचं असतंय व्हय? मी काळजी करतो म्हनून सांगत फिरनारा मानूस मी तरी खरा मानायचो न्हाई."

"मग तिला कळणार कसं?"

"कळंल की. कान हायेत तिला."

एका रविवारी मावशींनी जेवायला बोलावलं म्हणून मी तुमच्याकडं आले होते. नागफणीच्या वाटेला मावशींचा भजी-सरबताचा ठेला, आणि तुम्ही तिथं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर सराव करत होतात. कड्याच्या टोकाकडं निघालेल्या एका घोळक्याला तुम्ही माझ्यासमोर, मी शिकवलेल्या मऊ सुरात सांगितलंत, "प्लीज डोन्ट गो देअर. टू मच विंड." ती मुलं "थँक यू अंकल" म्हणाली आणि सरळ टोकाकडं चालू लागली. मग तुम्ही मराठीत जो आवाज लावलात, त्यासरशी सगळी माघारी आली आणि मुकाट्यानं भजी खात बसली. तुम्ही माझ्याकडं वळलात ते कुस्ती मारल्याच्या तोऱ्यात. "बघा! गोड बोलल्यावर कोन ऐकतंय का?" मी म्हटलं, राग टाकून द्या असं मी म्हणतच नाही. कुठला सूर कुठं लावायचा ते आपल्या हातात असावं, एवढंच. तुम्ही म्हणालात, ते बघू.

त्याच दिवशी मी तुमचा खरा राग पाहिला. ठेल्यामागं दोन धट्टेकट्टे पुरुष दारूच्या बाटल्या दगडावर आपटून फोडत होते. तुम्ही त्यांच्याजवळ गेलात आणि इतक्या हळू बोललात की मला ऐकायला पुढं सरकावं लागलं. "काचा उचला." बास. पुढं-मागं काही नाही. त्यांनी उचलल्या. मी परतताना मावशींना म्हटलं, आबा रागावले की हळू बोलतात की! मावशी म्हणाल्या, "व्हय. तवाच तर भ्या वाटतंय त्यांचं. वरडत्यात तवा काय न्हाई."

आणि निघताना तुमच्या घराखालच्या उतारावर माझी स्कूटर खडीवरून घसरली. पडले, उठले, गुडघा खरचटला. वरून तुमचा आवाज आला, सगळ्या गावानं ऐकला असेल. "मरायचं हाय का गं तुला? बघून चालवाया येत न्हाई? मडमीवानी हात सोडून चालवतीया!" मी हात सोडून चालवत नव्हते, ही गोष्ट वेगळी. तुम्ही धावत खाली आलात, गुडघा बघितलात, हळद आणायला पुन्हा वर धावलात, आणि सगळं झाल्यावर एकदम तुमच्या लक्षात आलं. तुम्ही मान खाली घातलीत. "बाई, चुकलं. तुमाला अरंतुरं झालं."

आबा, माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मला इतक्या मोठ्यानं कुणी रागावलं नव्हतं. मी तुम्हाला फक्त "असू द्या" म्हणाले आणि स्कूटर सुरू केली. घाट उतरून गावात येईपर्यंत गुडघा ठणकत होता आणि मी एकटीच हसत होते. खूप बरं वाटत होतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुमच्याच शिकवणीप्रमाणं म्हटलं, कळेल की, कान आहेत.

नेहाला परत पडद्यासमोर आणलंत ते तुमच्या डोक्यानं, माझ्या नाही. तुम्ही तिला मास्तरीण केलंत. दर रविवारी तुम्ही व्हेअर वर यू एकेका सुरात म्हणायचं आणि तिनं ओळखायचं. आधी ती आईच्या पाठीआडून उत्तरं द्यायची. मग तिच्या शेजारून, मग मांडीवर बसून, मग एकटी. हॅपी, ती ओरडायची, आणि ते बरोबर असायचं. जोकिंग, तेही बरोबर. खोट्या रागाला अँग्री, तेही बरोबर. काळजीचा सूर आला की मात्र दर वेळी उत्तर एकच, अँग्री. मंगळवारी तुम्ही वर्गात आलात की आम्ही तुमच्या तोंडाकडं बघायचो आणि निकाल कळायचा. रेश्मासुद्धा विचारायची, "आबा, वरीड आलं का ओळखायला?" तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, "न्हाई. आंग्री म्हनली. पर हसून म्हनली."

तुम्हाला दुसरं काही नको होतं. पोरीला तुमच्याशी गप्पा मारता याव्यात, तिनं मराठी शिकावं, इकडं येऊन राहावं, असलं काही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुमच्या आवाजातली काळजी तिला एकदा काळजी म्हणून ऐकू यावी, एवढंच. मी हट्टानं सांगत राहिले की तो 'गं' काढा. तिला मराठी येत नाही, वाक्याच्या शेवटी हे काय शेपूट आहे म्हणून ती गोंधळते. शेवटच्या मंगळवारी यावरूनच वाजलं. तुम्ही म्हणालात, "परवा गं लावला तवा पोरगी गालात हसली." मी म्हणाले, हसणं म्हणजे समजणं नव्हे. तुम्ही म्हणालात, "तुमी इंग्रजीच्या बाई. माज्या नातीच्या न्हाई." आणि जिन्यावरून ते शुक्रवारचं.

मग शुक्रवार आला तो तसा.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की निकाल न लागताच तुम्ही गेलात. त्या पोरीच्या मनात आजोबा म्हणजे चार भावनांतल्या तीन बरोबर आणि चौथी कायम रागीट, असे राहणार. मी शिकवणारी. माझ्या विद्यार्थ्याचं एक वाक्य अडलेलं राहिलं, याचं मला वाईट वाटत होतं, आणि नुसतं तेवढंच नव्हतं.

तेराव्यानंतर गर्दी ओसरली तेव्हा मी तुमच्या घरी आले. मावशी बऱ्या आहेत, आबा. काळजी करू नका, किंवा तुमच्या भाषेत, ओरडू नका. माणसं येत-जात आहेत, म्हैस दूध देते आहे. दत्ता बायको-मुलीला घेऊन आलेला, अंगणात बाजेवर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला. तुमच्यासारखाच लांब हाडांचा, बोलायला मात्र फार हळू.

"तुमच्यामुळं नेहाला आजोबा मिळाले," तो म्हणाला. "तिच्याशी इतकं मऊ बोलायचे. मला हेवा वाटायचा, खरं सांगतो."

मी म्हटलं, फार कष्ट घेतले त्यांनी.

"माझ्यासाठी आवाज जुनाच होता," तो म्हणाला. "शेवटचा फोनसुद्धा तसाच. रविवारचा कॉल बायकोनंच लावून दिला होता. मी कामाच्या गडबडीत, आठवडाभर त्यांचे फोन घेतले नव्हते. मग घेतला तर ओरडले माझ्यावर, आणि ठेवून दिला. नंतर करू म्हटलं. ते राहिलं." तो बाजेच्या दोरीकडं बघत होता. "रागावूनच गेले माझ्यावर."

"काळजीनं ओरडले असतील," मी म्हणाले. त्यानं मान डोलावली. सांत्वनाला आलेल्या माणसाचं मन राखायला माणूस डोलावतो तशी. त्याला पटलं नव्हतं, आणि पटावं असं माझ्याकडं काही नव्हतं. मी तुमची रेकॉर्डिंगं ऐकूनच हरले होते ना?

नेहा शेजारच्यांच्या करडामागं घरामागच्या उताराकडं गेली होती. ते आमच्या लक्षात आलं नाही, मावशींच्या आलं. त्या चुलीपुढून उठल्या, दारात आल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला. "कुटं कडमडाया गेली व्हतीस गं? तिकडं कडा हाय! पुना गेलीस तर तंगडं मोडून हातात दीन!"

सून स्वयंपाकघरातून दचकून बाहेर आली. दत्ता उठला, मधे पडायला. मीही उठले. आणि नेहा घराच्या कोपऱ्यावरून आली ती सावकाश, करडू पोटाशी धरून, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. मावशींनी तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं, पाठीत एक हलका धपाटा घातला आणि तो हात तसाच पाठीवर राहू दिला. नेहानं माझा उतरलेला चेहरा पाहिला असावा. ही परकी बाई, हिला इकडचं कळत नसेल, असं तिला वाटलं. तिनं मला समजावून सांगितलं.

"शी इज नॉट अँग्री. देअर वॉज अ गं."

मी इंग्रजीत विचारलं, म्हणजे काय?

म्हणजे, ती म्हणाली, आबा खेळताना खोटं खोटं अँग्री करायचे, तेव्हा गं नसायचा. वरीड करायचे तेव्हा असायचा. दर वेळी. त्यांना तो काढता यायचा नाही. तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जसे दोनात दोन मिळवावेत. मला फरक सापडला नव्हता, आबा, कारण मी तो 'गं' चूक म्हणून कानाआड टाकत होते आणि सूर ऐकत होते.

"मग तू नेहमी अँग्री का म्हणायचीस?" मी विचारलं.

नेहा जरा लाजली. बरोबर उत्तर दिलं की आबा पुढच्या सुरावर जायचे, ती म्हणाली. चूक दिलं की पुन्हा म्हणायचे. तेच तिला सगळ्यांत जास्त आवडायचं, म्हणून ती चूक द्यायची.

घ्या. हा तुमचा निकाल. पोरीनं तुम्हाला मुद्दाम नापास केलं होतं, काळजी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून. मी तिथंच अंगणात मोठ्यानं हसले, दुःखाच्या घरात हसू नये एवढंही भान राहिलं नाही, आणि मावशी काय झालं म्हणून विचारायला लागल्या तेव्हा त्यांना सांगता सांगता मला रडू आलं. त्याही मग डोळ्यांना पदर लावून हसल्या. "म्हातारा उगीच झुरला," म्हणाल्या. नाही, आबा. उगीच नाही. तुम्ही झुरलात म्हणून पन्नासदा म्हटलंत, आणि तिला पन्नासदा मिळालं.

माझं मत अजून बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवा. इंग्रजीत 'गं' नसतो. परीक्षेला बसलात तर तुमचे गुण जातीलच. एका घरापुरती ती भाषा तुम्ही आणि नेहानं मिळून केली, त्यात मला बोलायचा अधिकार नाही, इतकं मी मान्य करते.

करडू सुटून पळालं आणि नेहा त्याच्यामागं धावली, या वेळी अंगणातल्या अंगणात. सून आत गेली. दत्ता अजून उभाच होता. मी पर्स उचलली, मावशींना येते म्हणून सांगितलं आणि चपला घालायला वाकले, तर तो माझ्याजवळ आला. त्याचे ओठ हलत होते, कुणाचं तरी बोलणं आठवून जुळवत असल्यासारखे.

"बाई," तो म्हणाला, "शेवटच्या फोनवर ना, 'फोन का उचलत न्हाईस रं' म्हणाले होते." आणि पुन्हा, खात्री करून घेतल्यासारखं, "रं म्हणाले होते."